डावीकडं वळायचं होतं

माझा थोरला भाऊ हवाई दलात वैमानिक होता. त्या काळच्या जालन्यात एवढं नुसतं म्हटलं तरी समोरचा माणूस बोलायचा थांबायचा. आमच्या भागात विमान जवळून पाहिलेली माणसंच थोडी, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ते पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत बाजरीच्या रानात पालथं पडून, जीव मुठीत धरून पाहिलेलं. दादा तेव्हा अठरा वर्षांचा होता. आमच्या केदारखेड्याच्या रानात तोही होता. आई सांगायची, सगळे पालथे पडले आणि हा एकटा उताणा पडून वर बघत राहिला.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी तो निवडला गेला. शिकून तयार झाल्यावर त्याला वाळवंटाच्या कडेच्या एका तळावर पाठवलं, आणि तिथं तो सहा वर्षं राहिला. दोन इंजिनांचं वाहतुकीचं विमान चालवायचा. सामान न्यायचं, माणसं न्यायची. पत्रात दर वेळी एक ओळ असायचीच: इथं आभाळ बाराही महिने स्वच्छ असतं, काळजी करू नका. अण्णा ते पत्र शेजारी तीन घरं वाचून दाखवायचे.

अण्णांबद्दल सांगायला हवं. ते तहसिलात अहलकार, म्हणजे कारकून, होते. निजामाच्या अमलात सगळं कामकाज उर्दूत चालायचं आणि अण्णांचं उर्दू इतकं साफ की तहसीलदार स्वतःचे खलिते त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. अंमल बदलला तसं कागद इंग्रजीत यायला लागले. बाकीचे कारकून कुणाकडून तरी गुपचूप लिहून आणायचे आणि खाली स्वतःची सही ठोकायचे. अण्णांना ते जमलं नाही. ते नव्या साहेबापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मला इंग्रजी मसुदा लिहिता येत नाही. शिकवलं तर शिकेन." साहेब चांगला बोलला म्हणे. "बराबर, बराबर" म्हणाला. आठवड्याभरात अण्णांना मागच्या दफ्तरखान्यात बसवलं. तिथं जुन्या उर्दू मिसली, निकालात निघालेल्या प्रकरणांचे कागद, फडक्यात बांधून ठेवलेल्या असायच्या, आणि त्या मागायला कुणी यायचं नाही. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच बसले. दुपारचा डबा तिथंच खायचे. मी शाळेतून येताना कधी डोकावले तर एकटेच दारात बसलेले दिसायचे. कागदांना ऊन लागू नये म्हणून खिडकी लावलेली.

दादानंही ते पाहिलं होतं. सुट्टीत आला की तो त्यांना घ्यायला तिथं जायचा.

मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. मॅट्रिक झाले आणि मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. लग्न जमत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फार काही वाटतही नव्हतं. सकाळची शाळा, दुपारी घर.

ज्या जानेवारीची ही गोष्ट आहे तेव्हा दादा महिन्याभराच्या रजेवर आला होता. त्याची बदली झाली होती. आता पूर्वेकडं, डोंगराळ मुलखात जायचं होतं. तिथं दऱ्याखोऱ्यांत एकेक धावपट्टी, आणि पावसाळा लागला की महिनोन्‌महिने ढग डोंगरांवर टेकलेले. हे त्यानं घरात सांगितलं नाही. "बदली झाली, तिकडं हिरवंगार आहे," एवढंच आईला सांगितलं.

तो आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर मागच्या खोलीत तो पाटावर बसलेला, डोक्यावरून टॉवेल पुढं ओढलेला. गुडघ्यांच्या मधे काठी उभी धरलेली. समोर भिंत.

"हे काय करून राह्यला तू?"

"अभ्यास," टॉवेलाच्या आतून तो म्हणाला.

मी हसले. त्यानं टॉवेल काढला तेव्हा मात्र तो हसत नव्हता. मांडीवर एक निळ्या पुठ्ठ्याची पुस्तिका होती, इंग्रजी.

"बाई, तुला इंग्रजी वाचता येतं ना बराबर? हे मला एकेक करून वाचून दाखव. मी सांगतो पुढं काय ते. मी चुकलो की थांबव."

मला त्यातलं काही कळेना, म्हणून त्यानं समजावून सांगितलं. ढगात शिरलं की बाहेरचं सगळं पुसून जातं. पांढरं, नुसतं पांढरं. वर कुठं आणि खाली कुठं ते समजत नाही. वाईट म्हणजे आपलं अंगच आपल्याशी खोटं बोलतं. विमान एका बाजूला कलंडलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, आपण सरळ बसलोय. अशा वेळी अंगाचं ऐकायचं नाही, समोरच्या तबकड्यांवरचे काटे सांगतील तेच खरं धरायचं. आणि असं न दिसता विमान खाली आणायची एक ठरलेली रीत असते. अमुक जागेवरून जायचं, इतकी मिनिटं सरळ, मग वळायचं, खालून विचारून उंचीचा काटा लावून घ्यायचा, मग अमुक उंचीपर्यंत उतरायचं. तिथवर येऊनही जमीन दिसली नाही तर हट्ट करायचा नाही. ताकद पूर्ण द्यायची, वर निघायचं आणि ठरलेल्या बाजूला वळायचं.

"हे तर तुला येतंच असंल," मी म्हटलं.

"येत होतं."

मी त्याच्यासमोर खाली बसले.

"शिकताना असं तोंडपाठ होतं की झोपेतून उठवून विचारा. पण तिकडं सहा वर्षं आभाळ स्वच्छ. डोळ्यांनीच उडवून राह्यलो. ते करायची वेळच आली न्हाई कधी."

"मंग सराव नसतो का तुमच्यात?"

"असतो की. समोरच्या काचेला पडदा लावून उडवायचं. शेजारी दुसरा पायलट बाहेर बघत बसतो. पण तिथं ऊन असं, की पडदा लावला की आत भट्टी होती. दहा मिनिटं लावायचा अन् काढून टाकायचा. वहीत मात्र तासाचा सराव लिहायचा. त्याचा मी लिहायचा, माझा तो."

"अन् परीक्षा?"

"दर वर्षी असते. परीक्षा घेणारा आमच्याच संगं जेवायला बसणारा. त्याची बी तीच गत." मग तो म्हणाला, "आम्ही सगळेच विसरलो, बाई. कुणी कुणाला सांगितलं न्हाई एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून सहा पाट्या आणल्या. त्यांवर खडूनं त्यानं सांगितल्या तशा तबकड्या काढल्या. एक उंचीची, एक वेगाची, एक दिशेची, एक वळण दाखवणारी, एक चढ-उताराची. सहावी त्याच्या लेखी सगळ्यांत महत्त्वाची. तिच्यात एक आडवी रेघ म्हणजे क्षितिज आणि तिच्यावर विमानाची छोटी खूण. या पाट्या मी भिंतीला टेकवून ओळीनं मांडायची आणि त्याच्या समोर, पाट्यांच्या बाजूला, त्याच्याकडं तोंड करून बसायची. पुस्तिका वाचायची, बोटानं काटे पुसून नव्यानं काढायची. तो काठी हलवायचा आणि तोंडानं बोलत जायचा.

पहिल्या दिवशी तो तिसऱ्या पायरीला अडकला. "मंग?" असं त्यानंच मला विचारलं. मी वाचून दाखवलं तर कपाळावर हात मारून घेतला. उंचीचा काटा खालच्या हवेप्रमाणं लावून घ्यायचा, ते तो विसरला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ते आठवलं आणि मिनिटं मोजायची राहिली. मी मुलींना पाढे शिकवायची. पाठ होऊन विसरलेलं परत पाठ करताना मुली कशा करतात ते मला माहीत होतं. जिथं त्या एकदा अडतात तिथंच पुन्हा अडतात. दादाचं तसं नव्हतं. तो रोज नव्या ठिकाणी अडायचा, आणि मला भीती वाटली ती याची.

आणखी एक होतं. क्षितिजाच्या पाटीवर मी विमान एका बाजूला कलंडवलं की त्यानं काठी उलट बाजूला न्यायची, विमान सरळ करायला. कैकदा तो ती चुकीच्या बाजूला न्यायचा. मी म्हणायची, "डावीकडं, दादा," आणि तो उजवीकडंच. मग आम्ही दोघं हसायचो. कारण मी त्याच्याकडं तोंड करून बसलेली, माझं डावं ते त्याचं उजवं. माझंच चुकतंय असं मी धरून चालले. मी पाट्या उलट मांडून पाहिल्या, त्याच्या शेजारी बसूनही पाहिलं. शेजारी बसल्यावरही तो दोनदा चुकला. त्या दिवशी आईनं हुरडा भाजून आणला आणि आमचं लक्ष तिकडं गेलं. मी ते पुन्हा काढलं नाही.

रजेचे आठ दिवस राहिले तेव्हा मी त्याला म्हटलं, "तू तिथं गेल्यावर साहेबाला सांग ना. म्हणावं, मला नव्यानं शिकवा."

तो काठी कोपऱ्यात ठेवत होता.

"काय सांगू? सहा वर्षं विमान उडवून राह्यलो, वहीत तासामागं तास लिहिले, अन् आता म्हणू का की मला येत न्हाई?"

"खरंय ते सांगायला काय झालं?"

"अण्णांनी सांगितल्तं," तो म्हणाला. "खरं तेच सांगितल्तं. काय झालं त्यांचं?"

पुढच्या खोलीत अण्णा कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होते. दादाचं नवं ठाणं नकाशात कुठं येतं ते सांगत होते. दादानं माझा हात धरला.

"त्यांना यातलं काही बोलायचं न्हाई. शपथ घे."

मी शपथ घेतली. घ्यायला नको होती, हे मला तेव्हाही वाटलं. पण तो माझा थोरला भाऊ होता, त्याच्या गणवेशाकडं सगळा गाव बघायचा. आणि मी पाढे शिकवणारी. मला विमानातलं काय कळत होतं?

तो गेला. जालन्याच्या स्टेशनात आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. पाट्या मी शाळेत परत नेल्या.

उन्हाळ्याची पत्रं चांगली होती. तिकडं अजून आभाळ मोकळं होतं. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं की त्याच्या विमानातला दिशादर्शक, म्हणजे नकाशा बघून रस्ता सांगणारा, खानदेशातला एक मराठी मुलगा आहे, तेवीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेला. त्याच्याशी मराठीत बोलता येतं म्हणून बरं वाटतं. मुलगा हुशार आहे, सगळी ठाणी त्याला पाठ आहेत. हे वाचून मला हायसं वाटलं. कुणीतरी आहे शेजारी, जो याला सांगेल.

पावसाळ्यात पत्रं यायची थांबली. मग तार आली. विमान उतरताना डोंगराला घासलं. तो जिवंत आहे, इस्पितळात आहे. दिशादर्शक जागीच गेला. दुसरा वैमानिक वाचला, त्याचा एक पाय काढावा लागला.

अण्णा आणि मी निघालो. चार दिवस गाड्या बदलत होतो. दादाच्या पाठीला प्लास्टर होतं, उजवा हात खांद्यापासून निकामी झालेला. डोळे उघडे होते. अण्णांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, अपघाताचं काही आठवत नाही असं सांगतो, असं होतं कधीकधी.

अण्णा औषध आणायला बाहेर गेले तेव्हा तो मला म्हणाला, "मला सगळं आठवतं."

मी त्याच्या तोंडाजवळ कान नेला.

"उंचीचा काटा लावला होता. मिनिटं मोजली होती. सगळं बराबर केलं. ठरलेल्या उंचीला आलो, खाली काहीच दिसंना. वर निघालो. तिथनं डावीकडं वळायचं होतं, उजवीकडं डोंगर आहे. मी उजवीकडं वळलो."

"का रे?"

"म्हाईत न्हाई. अंगाला वाटलं, आपण डावीकडंच चाललोय. काटा दुसरंच सांगून राह्यला होता. मी काट्याकडं बघतही होतो." त्यानं डोळे मिटले. "तो ओरडला. 'डावीकडं, सर, डावीकडं.' मराठीत ओरडला. मी हात उलटा नेला. तवर झालं होतं."

मी तिथं उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांपुढं क्षितिजाची पाटी आली. मी त्याला ते सांगितलं नाही. त्यालाही ते आठवत असणार. आम्ही दोघंही त्याबद्दल कधी बोललो नाही.

चौकशी झाली. आठवत नाही, हेच त्यानं तिथंही सांगितलं. दुसऱ्या वैमानिकाला तर पडल्यावरचंच आठवत होतं. निकालाचा कागद घरी आला तेव्हा दादा जालन्याला परत आलेला होता, नोकरीतून वैद्यकीय कारणानं मोकळा होऊन. कागद इंग्रजीत होता. अण्णा दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसले, प्रत्येक शब्द काढून मराठीत वहीत लिहिला. मग बाहेर आले आणि आईला म्हणाले, "खराब हवामान. याचा बिलकुल कसूर न्हाई म्हणून लिवलंय." त्या दिवशी मी अण्णांना कितीतरी दिवसांनी रस्त्यानं ताठ चालताना पाहिलं. भेटेल त्याला ते सांगत होते.

दादा मागच्या खोलीत पडून असायचा. हळूहळू काठी धरून चालायला लागला.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. धोतर, काळी टोपी, हातात कापडी पिशवी. खानदेशातून, मनमाडला गाडी बदलून रात्रभराच्या प्रवासानं आलेले. ते त्या दिशादर्शक मुलाचे वडील होते.

आईनं त्यांना पाणी दिलं. अण्णांनी स्वतः उठून त्यांना लोडाशी बसवलं. दादाला बाहेर आणलं. म्हाताऱ्यांनी त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या लोंबत्या हाताकडं पाहिलं आणि त्यांचेच डोळे भरून आले.

"तुमचं नाव असायचं त्याच्या पत्रात," ते म्हणाले. "आमचे साहेब मराठवाड्यातले, असं लिहायचा. मी काही विचारायला आलो नाही. त्याची आई म्हणाली, जाऊन बघून या. शेवटी तुम्हीच होतात त्याच्याजवळ."

मग त्यांनी विचारलंच.

"शेवटी काही बोलला का हो तो?"

अण्णा म्हणाले, "याला आठवत न्हाई. डोक्याला मार होता."

"बोलला," दादा म्हणाला.

अण्णांनी मान वळवली.

"'डावीकडं' म्हणाला. मी उजवीकडं वळलो होतो. त्याला बराबर म्हाईत होतं. मी चुकलो."

म्हाताऱ्यांना ते लगेच कळलं नाही. "पण कागदावर तर हवामान..."

"हवामान होतंच. पण त्या हवामानात कसं उतरायचं अन् कसं निघायचं, याची रीत असते. मी ती विसरलो होतो."

"त्या वेळी? घाईत?"

"न्हाई. आधीपासून." दादा उभाच होता. बस म्हणून कुणी म्हटलं नाही. "जानेवारीपासून मला म्हाईत होतं की मला ते येत न्हाई."

स्वयंपाकघराच्या दारात मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. म्हाताऱ्यांनी पिशवी मांडीवर घेतली. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

दादानं माझ्याकडं पाहिलंही नाही. शेवटपर्यंत पाहिलं नाही, हे मला सांगायला हवं. मीच बोलले.

"मला सांगितलं होतं."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. अण्णांनीही. मी शिक्षिका आहे, मोठ्या आवाजात बोलायची सवय आहे, पण त्या वेळी शब्द कसे निघाले ते मला ठाऊक नाही.

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून," ते म्हणाले आणि अर्ध्यातच उठले. चहा घेतला नाही. अण्णा त्यांच्यामागं अनवाणी रस्त्यापर्यंत गेले, "अहो थांबा, अहो ऐका" म्हणत. गाडी संध्याकाळची होती. तोवर ते स्टेशनात बाकावर बसून होते, असं ओळखीच्या हमालानं सांगितलं. अण्णा पुन्हा गेले नाहीत. मीही गेले नाही. जायला हवं होतं, पण जाऊन काय बोलणार होते, ते मला आजही सुचत नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस घरात जेवणाखाणाशिवाय कुणी कुणाशी बोललं नाही. अण्णांनी बाहेर जाणं सोडलं. एके दुपारी मी वह्या तपासत होते तर ते माझ्याजवळ येऊन बसले.

"मला सांगायचं होतंस, बाई."

"सांगून तुम्ही काय केलं असतं, अण्णा?"

"त्याच्या साहेबाला लिवलं असतं. इंग्रजी येत न्हाई मला. उर्दूत लिवलं असतं, पण लिवलं असतं." त्यांनी माझ्यापुढची वही उगाच सरळ केली. "तो गप बसला तो माझ्याकडं बघूनच ना? माझं काय झालं ते बघून?"

"नाही," मी म्हटलं. "तसं काही बोलला नव्हता तो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मुलीचं खोटं बापाला कळतं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. दोन वर्षांनी ते गेले, तोवर नाही. गेले ते साध्या तापानं. तापात ते उर्दूत बोलत होते. आईला त्यातलं काहीच कळत नव्हतं.

दादानं हवाई दलाला पत्र लिहिलं. डाव्या हातानं लिहायला तो शिकला होता, पण अक्षर वाचता येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं. चौकशीत आपण खोटं सांगितलं, वळण्यात चूक आपली होती, सरावाचे तास आपण खोटे लिहिले, आणि वाळवंटाच्या त्या तळावर सगळेच तसे लिहितात, तेव्हा तिथल्या सगळ्यांची नव्यानं परीक्षा घ्यावी. शेवटचं वाक्य त्यानं तीनदा बदलून घेतलं. त्याला भीती होती की आपण मित्रांची चुगली करतोय असं वाटेल. मग म्हणाला, "राहू दे तसंच."

चार महिन्यांनी उत्तर आलं. टाइप केलेल्या चार ओळी. पत्र मिळालं, प्रकरण बंद झालेलं आहे, प्रकृतीस शुभेच्छा. त्यानं दुसरं लिहायला लावलं. त्याला उत्तर आलं नाही. तिसरं लिहू का, असं मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "तिकडं डोंगरात आता पावसाळा लागला असंल."

अण्णा गेल्यावर तो केदारखेड्याला राहायला गेला. जमीन बटईनं दिलेली होती, तिथं त्याला करण्यासारखं काही नव्हतं. शाळेच्या हेडमास्तरांनी मुलांना भूगोल शिकवा म्हणून दोनदा निरोप धाडला, तो गेला नाही. गावातली माणसं पहिल्यांदा यायची. विमानातून खाली कसं दिसतं, विचारायची. तो न ऐकल्यासारखं करायचा. नंतर यायची बंद झाली. मी दर रविवारी मोटारीनं जायची, डबा न्यायची. तो जेवायचा, भांडी स्वतः घासायचा, आईचं विचारायचा. लग्नाची गोष्ट आईनं काढली होती एकदा. तो इतकंच म्हणाला, "कुणाच्या पोरीला कशाला?"

एका रविवारी मी त्याला विचारलं, तू त्या माणसाला खरं का सांगितलंस? त्यांना हवामानच हवं होतं. ते घेऊन ते घरी गेले असते, त्या मुलाच्या आईला सांगितलं असतं.

"मला वाटलं, सांगितल्यावर मला जरा बरं वाटंल," तो म्हणाला.

"मंग?"

"न्हाई वाटलं."

माझं काय झालं, तेही सांगते. माझी कुणी चौकशी केली नाही. चौकशीच्या कुठल्याही कागदात माझं नाव नाही. मी शाळेत शिकवत राहिले, पुढं हेडबाई झाले. ज्या मुलीला एखादी गोष्ट येत नाही तिनं हात वर करून तसं सांगावं, हे मी वर्गात सांगायची. मुली हात वर करायच्या. त्यांना मी कधी रागावले नाही. पण कुणी हात वर केला की मला तिच्याकडं नीट बघवायचं नाही, हेही खरं आहे.

दादा केदारखेड्याला गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी त्या म्हाताऱ्यांना पत्र लिहायला बसले. त्यांचा पत्ता दादाच्या वहीत होता. तीन दिवस लिहीत होते. जानेवारीत काय झालं ते सगळं लिहिलं, पाट्या, शपथ, आणि ते डावं-उजवं, जे मी माझी चूक समजून हसण्यावारी नेलं. माफी मागितली नाही. मागावी असं तोंड नव्हतं. एवढंच लिहिलं की तुमच्या मुलाला सगळं येत होतं, शेवटच्या क्षणीही येत होतं, आणि हे तुम्हाला माहीत असावं.

दीड महिन्यानं पाकीट परत आलं. न उघडलेलं. पत्त्यावर लाल शाईनं काट मारलेली आणि खाली पोस्टमनच्या अक्षरात लिहिलेलं: घर सोडून गेले, नवा पत्ता माहीत नाही.

मी पोस्टात जाऊन विचारलं, शोधता येईल का. तिथला कारकून म्हणाला, "बाई, खानदेशातलं प्रकरण, इथनं कसं कळणार?" मागं माणसं उभी होती. मी बाजूला झाले.